मनिलात भोगी

आमच्या घरी मनिला हा शब्द कपाटात असायचा. सासऱ्यांचा अर्ध्या बाह्यांचा, न खोचता घालायचा पांढरा शर्ट म्हणजे मनिला. "दोन मनिले शिंप्याकडं टाकलेत," असं ते सांगायचे. पुढं शाळेत इतिहास शिकवताना ते नाव शहर म्हणून भेटलं, पण तेही नकाशावरचा एक ठिपका म्हणूनच.

लेक हाँगकाँगला नोकरीला आहे. यंदा तिनं आम्हा दोघांसाठी चार रात्रींची क्रूझ ठरवली. हाँगकाँगहून निघायचं, एक दिवस समुद्रात, एक दिवस मनिला, पुन्हा एक दिवस समुद्रात आणि परत. हे साताऱ्याच्या एस.टी. वर्कशॉपमध्ये छत्तीस वर्षं होते. त्यांनी एकच विचारलं, जहाजाचं इंजिन बघायला मिळेल का? मी पंचांग उघडलं. मनिलाचा दिवस नेमका भोगीचा येत होता. म्हणून तिळगुळाच्या वड्यांचा एक डबा सामानात आधी गेला.

आणखी एक तयारी मी केली होती. मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात एक ताम्रपट आहे आणि त्यावर शके घातलेलं आहे, हे मी वाचलं होतं. बाकी काही बघायला मिळो न मिळो, त्याच्यापुढं उभं राहायचं असं मी ठरवून टाकलं होतं.

रविवार, ११ जानेवारी : हाँगकाँग

जहाज संध्याकाळी सुटणार होतं. दुपारी लेकीनं आम्हाला सेंट्रल भागात नेलं. मान वर करूनही टोक दिसू नये अशा बँकांच्या इमारती, आणि त्यांच्या पायथ्याशी हजारो बायका बसलेल्या. रविवार म्हणून वाहनांना बंद केलेल्या रस्त्यावर, पादचारी पुलांवर, बँकेच्या मोकळ्या तळमजल्यात. खाली पुठ्ठे अंथरलेले, कडेनं पुठ्ठ्यांच्याच फूटभर भिंती, चपला बाहेर काढून ठेवलेल्या. फिलिपाईन्समधून घरकामाला आलेल्या या बायका. कायद्यानं त्यांना मालकाच्याच घरी राहावं लागतं, त्यामुळं आठवड्यातल्या या एका दिवशी त्यांना बसायला स्वतःची जागा अशी ही रस्त्यावरचीच. कुणी मैत्रिणीच्या केसांना रंग लावत होतं, कुणी गावी पाठवायच्या खोक्यात टॉवेल, साबण, मुलांचे बूट दाबून भरत होतं. एकजण फोनवर कुणा लहान मुलाला काहीतरी घोकून घेत होती. भाषा कळत नव्हती, पण स्वर पाढ्यांचा होता.

तिथून जवळच डागिलार स्ट्रीटवर एक पाटी आहे. होसे रिझाल यांचा डोळ्यांचा दवाखाना या रस्त्यावर होता. फिलिपाईन्सचा हा राष्ट्रपुरुष पेशानं नेत्रवैद्य होता. आईची दृष्टी जात चालली म्हणून त्यांनी ही विद्या घेतली. स्पॅनिश राजवटीवर लिहिलेल्या कादंबऱ्यांमुळं मायदेशी राहणं कठीण झालं, तेव्हा १८९१ च्या नोव्हेंबरात ते इथं आले. आईच्या डोळ्यांवर त्यांनी इथं शस्त्रक्रियाही केली. १८९२ च्या जूनमध्ये ते मनिलाला परतले आणि जुलैत त्यांना पकडून दूर दापितानला हद्दपार केलं. फिलिपाईन्सचा झेंडासुद्धा १८९८ मध्ये याच हाँगकाँगमध्ये तिघींनी शिवला, त्यातली एक रिझालची भाची. परक्या गावात बसून आपल्या गावाचा झेंडा शिवणं! पुठ्ठ्यांवरच्या त्या बायकांकडं मी जाताना परत एकदा बघून घेतलं.

काई ताकचा धक्का म्हणजे हाँगकाँगच्या जुन्या विमानतळाची धावपट्टी. सामान तपासणी, शिक्के, रांगा, यात दोन तास गेले. सहाव्या मजल्यावर आमची केबिन. खिडकीबाहेर दिवे सरकायला लागले तेव्हा कळलं की जहाज निघालं आहे.

सोमवार, १२ जानेवारी : समुद्र

जानेवारीत या समुद्रावर ईशान्येचा वारा असतो आणि तो लाटांना एका अंगानं ढकलत राहतो. सकाळी उठले तर पडदा आपोआप पुढं-मागं होत होता. आलेपाकाच्या दोन वड्या चघळून मी नाश्त्याला गेले. "काकू, मधल्या भागात बसा, तिथं कमी हलतं," असं मराठीत कानावर आलं. गुहागरकडचा मुलगा, जेवणघरात वाढपी. त्याचे वडील मासेमारी करायचे, चुलता मालवाहू जहाजावर होता, आणि हा इथं. आम्ही शाकाहारी म्हटल्यावर त्यानं चार दिवसांची काळजी स्वतःकडं घेतली.

आमच्या केबिनची साफसफाई बघणारा मुलगा फिलिपिनो होता. मुलगा म्हणते, पण तिशीचा असेल. घर लगुना प्रांतात. रिझालही तिथलेच, कालाम्बा गावचे. मी काल ती पाटी बघून आले म्हटल्यावर हातातली चादर तशीच धरून तो उभा राहिला. रिझालच्या शेवटच्या कवितेची पहिली ओळ त्यानं स्पॅनिशमध्ये म्हणून दाखवली; अर्थ त्याला शाळेत त्याच्या भाषेत शिकवला होता. नऊ महिन्यांचा करार, तीन झाले, सहा राहिले. वडिलांच्या दुखण्यात काढलेलं कर्ज या करारात फिटेल, असं त्यानं आपणहून सांगितलं. मुलगी पाच वर्षांची. ती पहिलं पाऊल टाकत होती तेव्हा तो अलास्काच्या बाजूला कुठंतरी होता.

"उद्या घरचे धक्क्यावर येणार," तो म्हणाला. चार तास सुट्टी मिळाली होती.

ती कशी मिळाली ते मला रात्री गुहागरच्या मुलाकडून कळलं. जहाज बंदरात असलं तरी काही माणसं कामावर लागतातच. मनिला आलं की भारतीय, इंडोनेशियन मुलं फिलिपिनो मुलांच्या पाळ्या घेतात. जहाज मुंबईला लागतं तेव्हा ती मुलं यांच्या पाळ्या करतात. कुणी लेखी ठरवलेलं नाही. "मागल्या वर्षी माझी आई मुंबईच्या धक्क्यावर आली होती काकू. तिला मी तीन तास भेटलो, तेव्हा माझ्या जागी तुमच्या केबिनवाल्याचाच गाववाला राबत होता."

मंगळवार, १३ जानेवारी : मनिला

पहाटे साडेपाचला डेकवर गेलो. डावीकडं बातानच्या डोंगरांची काळी रेघ, आणि आखाताच्या तोंडावर कोरेहिडोर हे बेट. ६ मे १९४२ ला अमेरिकन आणि फिलिपिनो फौजेनं या बेटावर जपान्यांपुढं शस्त्रं ठेवली. आता तिथं एक दिवा लुकलुकत होता. आत शिरल्यावर आखात इतकं ऐसपैस की समुद्रातून पुन्हा समुद्रात आल्यासारखं वाटतं. मग इमारतींच्या मागून सूर्य आला आणि शहर आधी सावली म्हणून, नंतर शहर म्हणून दिसलं.

आठला जहाज धक्क्याला लागलं. खाली बँड वाजत होता, फुलांचे हार घेतलेल्या मुली नाचत होत्या. तो थाट पाहुण्यांसाठी. फाटकाबाहेर कठड्याला चिकटून दुसरी गर्दी होती. हातात नावं लिहिलेले पुठ्ठे, फुगे, झाकणाला फडकं बांधलेले डबे, खांद्यावर पेंगुळलेली पोरं. आम्ही उतरलो तेव्हा शंभर-दीडशे माणसांनी एकदम आमच्याकडं बघितलं आणि आपलं कुणी नाही हे कळताच नजर पुन्हा जहाजाच्या शिडीकडं वळवली. त्या गर्दीत पाच वर्षांच्या मुली कितीतरी होत्या.

जहाजाची सहल घेतली असती तर बसनं फिरवून दुपारी मोठ्या मॉलमध्ये सोडणार होते. आम्ही ती घेतली नाही. जुनं मनिला धक्क्यापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे, मग बसमध्ये का बसायचं? कंटेनरच्या ट्रेलरांनी भरलेला रुंद रस्ता ओलांडला आणि अर्ध्या तासात आम्ही इंत्रामुरोसच्या तटाशी पोचलो. इंत्रामुरोस म्हणजे भिंतींच्या आतलं. साडेचार किलोमीटरचा हा दगडी तट आणि आतलं गाव, एवढंच काय ते स्पॅनिश मनिला.

स्पॅनिश येण्याआधीही इथं गाव होतं. पासिग नदीच्या मुखाशी राजा सुलेमान याचा लाकडी कोट होता, पलीकडच्या तीरावर तोंदोचं राज्य. १५७१ मध्ये स्पॅनिश सेनानी लेगास्पीनं ती जागा घेतली आणि राजधानी केली. कोटाच्या जागी पुढं दगडी किल्ला उठला, तो सांतियागो. शहराचं मूळचं नाव मायनिला. 'मे' म्हणजे आहे आणि 'नीला' म्हणजे निळीचं झाड. जिथं नीळ आहे ते गाव. हा 'नीला' आपल्याच संस्कृत 'नील'मधून तिकडं गेला. आमच्या सासऱ्यांच्या शर्टाला दर धुण्यात नीळ दिली जायची, ते मला तिथं आठवलं.

सांतियागो किल्ल्यात रिझालना ठेवलेली जागा जपून ठेवली आहे. १८९६ मध्ये बंड पेटलं. त्या बंडाशी आपला संबंध नाही असं ते सांगत राहिले तरी खटला चालवून त्यांना मरणाची शिक्षा झाली. २९ डिसेंबरला घरचे शेवटचे भेटायला आले, तेव्हा त्यांनी अल्कोहोलवर चालणारी छोटी शेगडी बहिणीला दिली आणि आत काहीतरी आहे असं हळूच इंग्रजीत सांगितलं, कारण पहारेकऱ्यांना ती भाषा येत नव्हती. आत कागदाची बारीक घडी होती. त्यावर ती शेवटची कविता. काल चादर हातात धरून म्हटलेली ओळ याच कागदावरची.

खोलीच्या दारापासून जमिनीत पितळी पावलं बसवली आहेत. ३० डिसेंबरच्या पहाटे रिझाल याच वाटेनं चालत बागुम्बायानच्या मैदानात गेले. पावलं अंगणातून निघतात, किल्ल्याच्या दरवाज्यातून बाहेर पडतात. मी मुलींना कितीतरी वर्षं हुतात्म्यांचे धडे शिकवले. सन, ठिकाण, शिक्षा, असं फळ्यावर लिहून घेतलं. पण माणूस त्या सकाळी चालत गेला, एकामागून एक पाऊल टाकत गेला, हे मी कधी शिकवलं नव्हतं. वय पस्तीस. ती पावलं अंतरानं लहान आहेत. लोक त्यांच्यावर पाय ठेवून फोटो काढतात. माझ्याच्यानं ते झालं नाही. मी कडेकडेनं चालले. आमच्याकडं त्याच हिवाळ्यात मुंबईत प्लेग शिरला होता आणि पुढच्या जूनमध्ये पुण्यात चाफेकरांनी रँडवर गोळी झाडली. दोन्ही गावं एकाच वेळी कशातून जात होती, हे एका फळ्यावर शेजारी-शेजारी लिहायला हवं होतं.

किल्ल्यातच एक पांढरा संगमरवरी क्रूस आहे. १९४५ मध्ये जपानी सैन्यानं तळघरात कोंडून मारलेल्या सुमारे सहाशे माणसांची ती कबर. त्या फेब्रुवारीत अमेरिकन सैन्य शहरात शिरलं, जपानी हटेनात, आणि महिनाभर घराघरांतून लढाई झाली. सुमारे एक लाख साधी माणसं मेली, काही जपान्यांच्या कत्तलीत, काही तोफांच्या माऱ्यात. इंत्रामुरोसमध्ये एकच मोठी वास्तू उभी राहिली, सान आगुस्तिनचं चर्च.

त्या चर्चमध्ये आम्ही गेलो. १६०७ चं बांधकाम. दाराशी चिनी कारागिरांनी घडवलेले दगडी सिंह, एकच मनोरा, कारण दुसरा भूकंपांत गेला. छतावर फुलांचं उठावदार कोरीवकाम दिसतं, आणि नीट बघितलं की कळतं ते सगळं सपाट गिलाव्यावर रंगवलेलं आहे. ह्यांनी तर तीनदा जागा बदलून बघितलं. शेजारच्या छोट्या चौकात १९४५ च्या मृतांचं स्मारक आहे. डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई, मांडीवर निपचित मूल. तिथं आमच्याशिवाय कुणी नव्हतं. एक झाडूवाला पानं गोळा करत होता, तोही आम्ही उभे असेपर्यंत थांबला.

साडेअकरा वाजून गेले होते. तटाबाहेर येऊन ह्यांच्या हौसेखातर जीपनीत बसलो. लढाई संपल्यावर अमेरिकन सैन्यानं टाकून दिलेल्या जीपा लोकांनी मागून वाढवल्या, छत घातलं, दोन्ही अंगांना बाक लावले, तीच ही जीपनी. आता सांगाडे नवे असतात, पण इंजिन बहुधा जपानहून आलेलं जुनं डिझेल. बसल्या-बसल्या ह्यांनी आवाजावरून सांगितलं, "इसुझू आहे." कंडक्टर नाही. मागचा माणूस नाणी पुढच्याच्या हातात देतो, "बायाद पो" म्हणतो, नाणी हातोहात चालकापर्यंत जातात आणि सुटे पैसे त्याच वाटेनं परत येतात. मी पाचजणांच्या हातून आलेलं सुटं मोजून घेतलं, ते चोख होतं. शेवटचा तो 'पो' म्हणजे आपलं 'अहो'. लहान मोठ्याशी बोलताना तो वाक्यात येणारच.

चालकानं गळ्यात तपकिरी-लाल पंचा टाकला होता. चारच दिवसांपूर्वी, ९ जानेवारीला, मनिलातल्याच कियापो भागातल्या काळ्या येशूची मिरवणूक झाली होती. सतराव्या शतकात मेक्सिकोहून गॅलिअन या स्पॅनिश व्यापारी जहाजानं आलेली ती काळी मूर्ती. लाखो माणसं याच रंगाचे कपडे घालून अनवाणी चालतात, रथाच्या दोराला हात लागावा म्हणून जीव टाकतात. चालकानं आरशातून तळहात दाखवला. दोरानं सोललेला होता. "तुमच्याकडं असं असतं का?" त्यानं विचारलं. ह्यांनी आळंदी ते पंढरपूर किती दिवस चालतात ते सांगितलं. तेवढ्यात आमचा थांबा आला.

संग्रहालयाच्या इमारती तीन आहेत आणि आम्ही आधी चुकीच्या इमारतीत शिरलो. वीस मिनिटं गेली. मानववंशशास्त्राचं संग्रहालय लुनेता बागेतल्या वर्तुळाकार चौकापाशी आहे. प्रवेश मोफत.

आणि मग तो ताम्रपट. साधारण वहीच्या दोन पानांएवढा, पातळ, काळपट, कडेला थोडा चुरगळलेला. दहा ओळी, बारीक अक्षर. १९८९ मध्ये लगुनातल्या लुंबांग नदीच्या मुखाजवळ वाळू काढणाऱ्यांना तो सापडला, पुढच्या वर्षी संग्रहालयानं विकत घेतला. लिपी जावाकडची कावी, भाषा जुनी मलय. पण सुरुवात अशी : स्वस्ति शकवर्षातीत ८२२, वैशाख मास. पुढं चतुर्थी, कृष्णपक्ष, सोमवार.

मी ते माहितीफलकावरून हळू आवाजात वाचलं. पाच हजार किलोमीटर लांब, जिथं आपली भाषा कुणाला येत नाही, तिथं तांब्यावर आपली तिथी. शके ८२२ म्हणजे इसवी सन ९००. त्या वर्षी आपल्याकडं राष्ट्रकूटांचा दुसरा कृष्ण राज्य करत होता आणि त्यांच्याही ताम्रपटांवर 'शकनृपकालातीत' असंच लिहिलेलं असतं. शकाची इतकी वर्षं सरली, असं म्हणायची ही रीत. आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर आजही ते शक मोजतं.

ताम्रपटात कुणा राजाचा पराक्रम नाही, देवळाला दिलेली जमीनही नाही. नाम्वरान नावाच्या माणसावर सोन्याचं कर्ज होतं, एक काती आणि आठ सुवर्ण, ही तेव्हाची वजनं. ते माफ झाल्याचा हा कागद. तो त्याच्या मुलांना, आंकातान आणि बुका यांना दिलेला आहे आणि पुढं वंशजांकडं कुणी हे कर्ज मागू नये म्हणून साक्षीदार गावांच्या प्रमुखांची नावं घातली आहेत. देणारा अधिकारी तुंदुनचा, म्हणजे सकाळी नदीपलीकडं होतं तेच तोंदो. ताम्रपटातल्या पदव्यांत 'सेनापती' आहे, 'नायक' आहे. आणि कागदाला शब्द वापरलाय 'विशुद्धपत्र'.

विशुद्धपत्र! बँकेतून आम्ही घराच्या कर्जाचं फिटल्याचं पत्र आणलं होतं, तेव्हा ह्यांनी ते देवापुढं ठेवलं होतं. त्याला इतका नेमका शब्द आपल्याकडं उरला नाही. तिथला पहारेकरी कौतुकानं बघत होता. ही आकडेमोड आमच्याकडं अजून चालते असं मी त्याला सांगितलं, आणि दैनंदिनीत त्याच्यासमोर लिहिलं : शके १९४७, पौष कृष्ण दशमी, मंगळवार. त्यानं ती ओळ फोनवर टिपून घेतली. बोलता-बोलता त्याच्या भाषेतले शब्दही निघाले. शिक्षकाला गुरो, चेहऱ्याला मुखा, साक्षीदाराला साक्सी, राष्ट्राला बान्सा म्हणजे आपला वंश. आणि गरिबाला दुखा.

तिथं पाऊण तास गेला. बाकीचं संग्रहालय आम्ही पाहिलं नाही आणि त्याची मला हळहळ नाही.

बाहेर लुनेता, म्हणजेच जुनं बागुम्बायान. सकाळच्या पितळी पावलांची वाट इथं संपते. १९१३ मध्ये उभारलेल्या स्मारकाखाली रिझालच्या अस्थी आहेत आणि दोन सैनिक दिवसरात्र पहाऱ्याला असतात. समोर रस्त्याकडं शून्य किलोमीटरचा दगड. या बेटावरची अंतरं इथून मोजतात. झाडाखाली एक म्हातारा "ताहोऽऽ" अशी लांबट हाळी देत खांद्यावरच्या कावडीतून दोन डबे नेत होता. मऊ गरम सोयाचं दही, वर गुळासारखा पाक आणि साबुदाणा. उपासाचा साबुदाणा भोगीला परगावी मिळाला. फळवालीकडं ओळखीचं तपकिरी फळ दिसलं म्हणून नाव विचारलं. "चिको," ती म्हणाली. मेक्सिकोचं हे फळ गॅलिअनमधून इथं आलं. आमच्या डहाणू-घोलवडला त्याला चिकूच म्हणतात हे सांगितल्यावर तिनं एक जास्तीचं घातलं.

पाचच्या आत जहाजावर परतायचं होतं. साडेतीनला फाटकाशी पोचलो तर कठड्यापाशी तो उभा होता. अंगात घरचा टी-शर्ट, कडेवर मुलगी, बाजूला बायको आणि आई. त्याची वेळ संपत आली होती. त्यानं आम्हाला हाक मारली. मुलीला खाली उतरवून कानात काही सांगितलं. ती पुढं आली, "मानो पो" म्हणाली, आणि माझा हात उचलून उलट्या बाजूनं आपल्या कपाळाला टेकवला. मोठ्यांचा आशीर्वाद घ्यायची ही तिकडची रीत. मग ह्यांचाही हात. ह्यांनी दुसरा हात तिच्या डोक्यावर ठेवला तो काही वेळ तसाच राहिला.

उद्याच्या संक्रांतीच्या वड्या मी पिशवीत बरोबर घेतल्याच होत्या. चौघांच्या हातावर ठेवल्या. तीळ म्हातारीनं लगेच ओळखला. तिनं केळीच्या पानात बांधलेली पुडकी लेकाच्या पिशवीत ठेवलेली होती, त्यातलं एक काढून माझ्या हातात दिलं. नको म्हणायला मला शब्द येत नव्हता. मग आम्ही पुढं झालो, कारण उरलेली मिनिटं त्यांची होती.

साडेपाचला जहाज सुटलं. सूर्य आखातात अगदी आमच्या समोर बुडाला. पाहुणे त्या बाजूला फोटो काढत होते. मागच्या टोकाला, धक्क्याकडं तोंड करून, खलाशी उभे होते. खाली कठड्याशी काही जण अजून हात हलवत होते, आणि अंतर इतकं वाढलं की कोण ते ओळखू येईना, तरी इकडून हात हलतच होते.

जेवायला गेलो तेव्हा गुहागरच्या मुलाचे डोळे झोपेनं जड होते. दिवसभरात त्यानं दोन पाळ्या केल्या होत्या. तरी आमच्यासमोर त्यानं एक वाडगा ठेवला. वांगं, गाजर, मटार, घेवडा आणि वर तीळ. "बाजरी नाही मिळाली काकू." मी त्याच्या आईचं नाव विचारून घेतलं.

बुधवार, १४ जानेवारी : समुद्र, संक्रांत

लाटा आज कमी. सकाळी पुडकं उघडलं. केळीच्या पानात वाफवलेला चिकट भात, नारळाच्या दुधातला. सुमान म्हणतात. वर गूळ खोवून खातात असं केबिनवाल्या मुलानं सांगितलं. आमच्याकडं गूळ नव्हता, म्हणून तिळगुळाची वडी चुरून घातली. फार चांगला लागला.

तो गादीवरची चादर बदलत होता. मुलगी झोपेपर्यंत फोनवर होती म्हणाला. तिळगूळ देताना काय म्हणायचं ते मी त्याला शिकवलं. "गोड म्हणजे मातामिस," तो म्हणाला, आणि "गोड बोला" दोनदा म्हणून बघितलं. मग विचारलं, काल मनिलात सगळ्यात काय आवडलं?

मी ताम्रपटाचं सांगितलं. तुमच्या लगुनात सापडलेला. त्याला शाळेच्या पुस्तकातलं चित्र आठवत होतं, पण त्यावर काय लिहिलंय ते आठवेना.

"कर्ज फिटल्याचं," मी म्हटलं.

"पूर्ण?"

"पूर्ण. मुलाबाळांकडंसुद्धा कुणी मागायचं नाही, असं लिहिलंय."

त्यानं चादरीची घडी पुरी केली, तळहातानं सपाट केली आणि उशा जागेवर ठेवल्या. वडी त्यानं तोंडात टाकली नव्हती. कागदात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवली आणि गाडी ढकलत पुढच्या केबिनकडं गेला.